भाऊ, भाई आणि बांधव

महाराष्ट्रातील कोणतेही पाठ्यपुस्तक उघडावे, सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका आणि प्रतिज्ञा छापलेली असते. सर्व भारतीय आपले बांधव आहेत, असे प्रत्येक मूल रोज सकाळी रांगेत उभे राहून म्हणते. प्रतिज्ञा इतकी तोंडपाठ असते की तिच्यातल्या शब्दांकडे कोणाचे लक्ष जात नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मुले ती उर्दूत म्हणतात, मराठीच्या तासाला मराठीतही वाचतात. म्हणून दोन्ही भाषांतला एक फरक आमच्या ध्यानात आला. उर्दूत भाई आणि बहन असे दोन्ही शब्द आहेत. मराठीत मात्र एकट्या 'बांधव' या शब्दावर भागवलेले आहे. बहीण त्यात आहे असे धरून चालायचे!

प्रतिज्ञेच्या जन्माचे वर्षही लक्षात ठेवण्यासारखे आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू लेखकाने ती १९६२ साली लिहिली. ते तेव्हा विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते. पुढे १९६४ च्या ऑक्टोबरात केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाची बैठक बंगळूरला झाली. केंद्रीय शिक्षणमंत्री महंमद करीम छागला तिचे अध्यक्ष होते. तिथे ठरले आणि २६ जानेवारी १९६५ पासून ही प्रतिज्ञा देशभरातील शाळांत सुरू झाली. १९६२ हे चीनशी झालेल्या युद्धाचे वर्ष. १९६५ हे पाकिस्तानशी झालेल्या युद्धाचे वर्ष. म्हणजे आमच्या मुलांच्या तोंडी असलेला हा बांधवपणा दोन युद्धांच्या मधल्या काळात वाढलेला आहे.

यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तोच या लेखाचा विषय आहे. युद्ध आले की माणसे एकमेकांना भाऊ म्हणू लागतात. त्याच वेळी कालपर्यंत भाऊ असलेला कोणी अचानक परका ठरतो. मग युद्ध या शब्दाचा अर्थ खरा करते की खोटा? भाऊ म्हणजे जन्माने मिळालेले नाते, की संकटात दिलेले वचन, की नुसती वापरून टाकायची घोषणा?

आधी शब्दाचे घराणे पाहू. संस्कृतातला भ्रातृ, फारसीतला बिरादर, इंग्रजीतला ब्रदर, लॅटिनमधला फ्रातेर, युक्रेनी आणि रशियनमधला ब्रात हे सगळे एकाच मूळ शब्दाची लेकरे आहेत. आपला भाऊ आणि आपला भाई हेसुद्धा त्याच भ्रातृपासून प्राकृताच्या वाटेने आलेले. गंमत अशी की जे शब्द स्वतः एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, ते बोलणारी माणसे मात्र एकमेकांवर तोफा डागतात.

'बंधू' आणि 'बांधव' यांचे कूळ निराळे आहे. ते 'बंध' या धातूपासून आले. बांधणे, बंधन, बंधारा, बांध हे सगळे तिथलेच. आमचे गाव देवळाली प्रवरा. लष्कराच्या तोफखान्याचे देवळाली ते नाशिकजवळचे. आमचे राहुरी तालुक्यातले, उसाचे आणि पाटपाण्याचे. इथल्या माणसाला बांध म्हणजे काय हे शब्दकोशातून शिकावे लागत नाही. दोन भावांच्या शेतांना वेगळे करतो तो बांध आणि दोघांना शेजारी ठेवतो तोही बांधच. बांध शाबूत आहे तोवर भाऊ भाऊ असतात. एकाने नांगराच्या फाळाने दरवर्षी वीतभर बांध कोरायला सुरुवात केली की तलाठी, मोजणी, तहसील आणि कोर्ट असा प्रवास सुरू होतो.

म्हणूनच मराठीने एक विलक्षण शब्द घडवला. भाऊबंद म्हणजे एका कुळातले, वाटेकरी. त्याला 'की' प्रत्यय लावला की अर्थ बंधुप्रेम असा व्हायला हवा होता. मराठीत 'भाऊबंदकी' म्हणजे भांडण! जो समाज रोज जमिनीची वाटणी पाहतो, त्याला भाऊ या शब्दातला धोका ठाऊक असतो. आमच्या धर्मग्रंथातही पृथ्वीवरचा पहिला खून हाबील आणि काबील या दोन भावांमधला आहे. युसूफला विहिरीत टाकणारे त्याचे भाऊच होते. तेव्हा भाऊ म्हटले की प्रेम आलेच, असे समजण्याचे कारण नाही. भाऊ म्हटले की हक्क आला, वाटा आला आणि वाट्यावरून तंटाही आला.

मराठ्यांच्या इतिहासात युद्ध आणि भाऊपणा यांची गाठ दोनदा अशी पडली की भाषेवर त्याचे वळ राहिले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा सेनापती सदाशिवराव. सगळा महाराष्ट्र त्याला 'भाऊ' म्हणूनच ओळखतो. त्याच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी. समोर अब्दालीचे सैन्य होते आणि धर्माच्या नावाने इब्राहिमखानाला तिकडे ओढण्याचे प्रयत्न झाले, असे सांगितले जाते. तो गेला नाही. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. रक्ताने तो भाऊसाहेबांचा कोणी नव्हता, धर्मानेही नव्हता. वचनाने होता.

त्यानंतर बाराच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. मारेकरी गारदीच होते. त्यांत सुमेरसिंग होता आणि महंमद यूसुफही होता. मागे हात होता तो सख्ख्या चुलत्याच्या पक्षाचा. 'काका, मला वाचवा' ही हाक महाराष्ट्रात आजही सांगितली जाते. जीव जाण्याच्या वेळी माणसाच्या तोंडी नात्याचा शब्द आला आणि नात्यानेच तो ऐकला नाही, म्हणून ती हाक अडीचशे वर्षे टिकली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ साली या प्रसंगावर नाटक लिहिले, त्याचे नावच 'भाऊबंदकी'. भाषेने काय लक्षात ठेवले पाहा. गारदी म्हटले की मराठी माणसाला शनिवारवाड्यातला मारेकरी आठवतो, पानिपतावर तोफेशेजारी उभा राहिलेला इब्राहिमखान आठवत नाही. वचन पाळणाऱ्यापेक्षा वचन मोडणारा शब्दावर आपला शिक्का अधिक खोल मारून जातो.

आता अलीकडे येऊ. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत आणि चीन यांच्यात पंचशील तत्त्वांचा करार झाला. त्या वर्षी जूनमध्ये चौ एन लाय दिल्लीला आले, ऑक्टोबरात नेहरू चीनला गेले. 'हिंदी-चिनी भाई भाई' ही घोषणा गल्लोगल्ली पोचली. हे तेच नेहरू, ज्यांना इंग्रजांनी १९४२ साली मौलाना आझादांबरोबर आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबले होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्य चालून आले, २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले. महिन्याभरात 'भाई भाई' हा शब्द टिंगलीचा विषय झाला. आजही कोणी फसवले की लोक हीच घोषणा उपहासाने म्हणतात. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून महाराष्ट्राची छाती फुगली. त्याच सुमारास भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवली येथील छावणीत नेऊन ठेवले गेले. त्यात म्हातारे होते, बायका होत्या, शाळकरी मुले होती. त्यांतील अनेकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. काल ज्यांच्याशेजारी राहत होते त्यांच्या दृष्टीने ते एका रात्रीत शत्रू झाले होते.

याच दोन देशांमध्ये सोलापूरचा एक माणूस उभा आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला भारताने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. बाकीचे परतले, हे राहिले. तिथेच चिनी परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. मुलाचे नाव ठेवले होते यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. कोटणिसांच्या चार वर्षांच्या कामात 'भाई भाई' ही घोषणा नव्हती. जखमा धुणे होते, शस्त्रक्रिया होत्या. १९६२ चे युद्ध झाले, सीमेवरची रक्तपाते पुढेही झाली, तरी चीनमध्ये कोटणिसांची समाधी आणि पुतळा जागच्या जागी राहिला, सोलापुरात त्यांचे घर स्मारक म्हणून जपले गेले. सरकारांनी काढलेली घोषणा आठ वर्षांत मेली, एका माणसाच्या कामाला ऐंशी वर्षे झाली तरी ते जिवंत आहे.

जगाच्या दुसऱ्या टोकाला आज हेच चालले आहे. सोव्हिएत काळात युक्रेनी आणि रशियन यांना 'भ्रातृराष्ट्रे' म्हणायची पद्धत होती आणि त्यात रशियन हा थोरला भाऊ. कीव शहरात १९८२ साली लोकांच्या मैत्रीची मोठी कमान उभारली, तिच्याखाली दोन कामगारांचा पुतळा होता, एक युक्रेनी, एक रशियन. २०२१ च्या जुलैमध्ये रशियाच्या अध्यक्षांनी लेख लिहून सांगितले की रशियन आणि युक्रेनी ही एकच जनता आहे. सात महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रणगाडे आत शिरले. आमच्या गावच्या शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागणार नाही. बांध कोरणारा भाऊ नेहमी हेच म्हणतो, 'आपलं काय वेगळं आहे का?' वेगळे घर नाकारण्यासाठी भाऊपणाचा उपयोग करणे ही फार जुनी युक्ती आहे. २६ एप्रिल २०२२ रोजी कीवमधला तो पुतळा उतरवण्यात आला.

युक्रेनी माणसांनी मात्र भाऊ हा शब्द टाकून दिला नाही. जुन्या कझाक योद्ध्यांच्या काळापासून त्यांच्याकडे 'पोब्रातिम' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ शपथेने झालेला भाऊ, मानलेला भाऊ. शांततेच्या दिवसांत तो जोडशहरांच्या पाट्यांवरही दिसत असे. आता तो खंदकातल्या साथीदाराचा शब्द झाला आहे. ज्याच्या शेजारी रात्र काढली, ज्याला खांद्यावर उचलून आणले, तो पोब्रातिम. स्त्रियाही सैन्यात आहेत, म्हणून 'पोसेस्त्रा' म्हणजे मानलेली बहीण हा शब्दही वापरात आहे. आमच्या प्रतिज्ञेच्या मराठी पाठात जिला जागा मिळाली नाही, तिला युद्धाच्या भाषेने जागा दिली. त्याच भाषेत आणखी एक शब्द आहे, तो वाचून आम्ही बराच वेळ थबकलो. अनेकांना एकत्र पुरलेल्या खड्ड्याला ते 'भावांची कबर' म्हणतात. ज्यांची नावे वेगळी करता आली नाहीत, ते सगळे मातीखाली भाऊ.

तर युद्ध दोन गोष्टी करते. वरून लादलेला, थोरल्या-धाकट्याचा भाऊपणा ते उघडा पाडते. आपल्याकडेही निवडणुकीच्या जागावाटपात 'थोरला भाऊ कोण' असे विचारतात, तेव्हा विचारायचे असते ते एवढेच की जास्त वाटा कोणाचा. दुसरे, सोबत सोसणाऱ्यांमध्ये युद्ध एक नवा भाऊपणा निर्माण करते. इथवर ठीक. पण या नव्या भाऊपणाला एक अट आहे. त्याला समोर शत्रू लागतो. शत्रू संपला, किंवा समोरचा शत्रू पुरेसा वाटेना, की तो आपल्याच अंगणात शत्रू शोधू लागतो. देवलीच्या छावणीत तेच घडले.

इथे आमच्या कौमेनेही आपला हिशेब मांडायला हवा. सारे मुसलमान भाई भाई, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. १९७१ साली या वाक्याचे काय झाले? पाकिस्तानचे दोन्ही भाग बहुसंख्य मुसलमान. पूर्वेकडच्यांनी आपली बंगाली भाषा मागितली, म्हणून २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या भाषेसाठी त्यांना दडपले, ती उर्दू, म्हणजे आम्ही रोज फळ्यावर लिहितो ती भाषा. भाषेचा गुन्हा काहीच नव्हता. धाकट्याची जीभ कापायला निघालेल्या थोरल्या भावाने तिचा सुरा केला होता. १९७१ च्या युद्धात जे झाले ते जगाने पाहिले. आणि बांगलादेश झाल्यावर तिथे अडकलेल्या उर्दू भाषकांना पिढ्यान्‌पिढ्या छावण्यांत राहावे लागले. एका घोषणेच्या पोटात दोनदा अन्याय झाला.

घरातही पाहू. आम्ही भाईचारा म्हणतो आणि बिरादरीत लग्ने करतो. बागवान बागवानात, तांबोळी तांबोळ्यात, पिंजारी पिंजाऱ्यात, सय्यद सय्यदात. मशिदीच्या सफेत खांद्याला खांदा लागतो, सोयरिकीच्या बैठकीत तोच खांदा आखडतो. आणि बहिणीचे काय? शरीअतने तिला बापाच्या मिळकतीत हिस्सा दिला. तो भावाच्या निम्मा, पण ठरलेला आणि निश्चित. तरी भावाबहिणींच्या प्रेमाच्या नावाखाली तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही किंवा अंगठा घेतला जातो. यात हिंदू-मुसलमान असा फरक नाही. तिने सही दिली तर ती चांगली बहीण. हिस्सा मागितला तर 'भावाशी कोर्टात भांडणारी'. जो भाऊपणा बहिणीच्या सहीवर उभा आहे, तो रणांगणात कितीही शूर ठरला तरी आम्ही त्याला अपुराच म्हणू.

आता दुसऱ्या बाजूने बोलू. मराठीत 'भाऊ' आणि 'भाई' हे खरे तर एकाच आईचे दोन मुलगे. पण गावात हिंदू माणसाला भाऊ, दादा, अण्णा म्हणतात, मुसलमानाला भाई म्हणतात. काका एकाचा, चाचा दुसऱ्याचा. माया दोन्हीत आहे, यात शंका नाही. तरी हाक मारतानाच वेगळेपणही सांगून टाकले जाते. एके काळी 'भाई' हा महाराष्ट्रात लाल झेंड्याचा मानाचा शब्द होता. शेतकरी कामगार पक्षातली माणसे एकमेकांना भाई म्हणत. भाई माधवराव बागल, भाई उद्धवराव पाटील, भाई गणपतराव देशमुख ही नावे आठवावीत. मग मुंबईत टोळीयुद्धे झाली, १९९२-९३ च्या दंगली झाल्या, १२ मार्च १९९३ चे बॉम्बस्फोट झाले आणि वर्तमानपत्रे-सिनेमांनी 'भाई' म्हणजे गुंडांचा म्होरक्या असा अर्थ रूढ केला. एका समाजाच्या घरातली साधी हाक बाहेर संशयाची झाली.

'बांधव' या शब्दाचेही तसेच. मराठी वर्तमानपत्रात 'मुस्लिम बांधव' कधी येतात? ईदच्या शुभेच्छांत येतात, इफ्तारच्या फोटोखाली येतात, दंगलीनंतरच्या शांततेच्या आवाहनात येतात. पाणीटंचाईच्या बातमीत, उसाच्या दराच्या मोर्चात, पीकविम्याच्या रांगेत ते कमीच दिसतात. जणू बांधवांना ऊस नसतो आणि तहानही नसते. उर्दू वर्तमानपत्रे हिंदूंसाठी 'बिरादराने वतन' असा शब्दप्रयोग करतात. वतनाचे भाऊ. शब्द सुंदर आहे, अदबीचा आहे. पण त्यातही दूरची पायरी आहे. घरातल्या भावाला कोणी 'वतनाचा भाऊ' म्हणत नाही. दोन्हीकडच्या पत्रकारितेने एकमेकांना सणासुदीचे भाऊ करून ठेवले आहे.

मग युद्ध येते आणि या सणासुदीच्या भावाकडे पुरावा मागितला जातो. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९६५ च्या युद्धात पकडलेला पॅटन रणगाडा ठेवलेला आहे. जिल्ह्यातल्या शाळांच्या सहली तिथे जातात. पॅटन पाहिला की शिक्षकाला अब्दुल हमीद यांची गोष्ट सांगावीच लागते. गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे हवालदार अब्दुल हमीद. खेमकरण भागात असल उत्तरच्या लढाईत त्यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने शत्रूचे रणगाडे फोडले, १० सप्टेंबर १९६५ रोजी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी कॅप्टन हनीफुद्दीन तुर्तुकच्या डोंगरांत असेच गेले, त्यांना वीर चक्र मिळाले. ही नावे उच्चारताना आमचा ऊर भरून येतो. तरी एक सल राहतो. आम्ही ही नावे अनेकदा पावतीसारखी दाखवतो. कोणी बोट दाखवले की आम्ही अब्दुल हमीद काढतो. ते आपल्या तुकडीसाठी आणि देशासाठी लढले. आमच्यासाठी प्रमाणपत्र मिळवायला गेले नव्हते. शहिदाला पावती करणे हा त्याचाही अपमान आहे आणि आमचाही. भावाला 'तू भाऊ आहेस हे सिद्ध कर' असे कोणी विचारत नाही. ज्याला विचारतात तो भाडेकरू असतो.

२०२५ चे दिवस तर अजून ताजे आहेत. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांना मारण्यात आले. त्यात महाराष्ट्रातले पर्यटक होते आणि पर्यटकांना वाचवू पाहणारा एक काश्मिरी मुसलमान घोडेवालाही होता. त्या हल्ल्यात बाप गमावलेल्या एका मुलीने सांगितले की काश्मिरात आपल्याला दोन भाऊ मिळाले. त्या काळरात्री सांभाळणाऱ्या दोन स्थानिक मुसलमान तरुणांविषयी ती बोलत होती. ७ मे रोजी सैन्याच्या कारवाईची माहिती देशाला सांगायला कर्नल सोफिया कुरेशी पुढे आल्या. काही दिवसांतच मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्याने जाहीर सभेत त्यांचे नाव न घेता त्यांना दहशतवाद्यांची बहीण ठरवणारे भाषण केले. १४ मे रोजी तिथल्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. एकीचा बाप डोळ्यांदेखत गेला होता. सूड घेण्याचा, शिवी देण्याचा हक्क कोणाला असेल तर तिला होता. तिने 'भाऊ' हा शब्द दिला. दुसरा सुरक्षित व्यासपीठावर होता, त्याचे काहीच गेले नव्हते. त्याने 'बहीण' हा शब्द दगडासारखा फेकला. युद्धकाळ नात्याचे शब्द आपोआप बिघडवतो किंवा सुधारतो, हे म्हणणे म्हणूनच आम्हांला पटत नाही. युद्ध फक्त शब्दाची किंमत वाढवते. तो कसा खर्च करायचा, हे बोलणाऱ्याच्या हाती राहते.

मग खरा भाऊपणा ओळखायचा कसा? आमच्या समजुतीप्रमाणे त्याच्या दोन कसोट्या आहेत आणि दोन्हींसाठी युद्धाची गरज नाही.

पहिली कसोटी, भाऊ चुकला तर काय करणार? इस्लामपूर्व अरबांमध्ये टोळीयुद्धांचा एक नियम होता. भावाला मदत करायची, तो जालीम असो वा मजलूम. पैगंबरांनी हाच नियम उच्चारला, तेव्हा साथीदार गोंधळले. मजलूमाला मदत समजली, जालीम भावाला कशी करायची? त्याचा हात धरून त्याला जुलमापासून रोखायचे, हीच त्याला मदत, असे उत्तर मिळाले. शब्द तेच राहिले, अर्थ मुळापासून बदलला. टोळीच्या भाऊपणाचा नैतिक भाऊपणा झाला. आज कोणत्याही देशाने, पक्षाने, जमातीने हे उत्तर समोर ठेवावे. आपला माणूस म्हणून त्याच्या जुलमावर पांघरूण घालणारा त्याचा भाऊ नसतो, साथीदार गुन्हेगार असतो. १९७१ साली पाकिस्तानच्या भाऊबंदांनी हे करायला हवे होते. आम्हांलाही आमच्यातल्या प्रत्येक द्वेष पेरणाऱ्याबाबत हे करावे लागेल आणि बहुसंख्याकांनाही त्यांच्यातल्या.

दुसरी कसोटी, वाटणी कशी करणार? मक्का सोडून मदिनेला आलेल्या निर्वासितांना पैगंबरांनी एकेका स्थानिकाचा भाऊ करून दिले. साद बिन रबी यांनी आपल्या वाट्याला आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी दुवा दिली, मालमत्ता घेतली नाही आणि म्हणाले की मला बाजाराचा रस्ता दाखवा. एकाने देऊ केले, दुसऱ्याने ओझे होण्याचे नाकारले. पुढे निर्वासित स्थिरावल्यावर या मानलेल्या भावांचा वारसाहक्क थांबवून तो रक्ताच्या नात्यांकडे परत दिला गेला. म्हणजे त्या भाऊपणातसुद्धा हिशेब होता, मुदत होती, न्याय होता. हिशेबाने प्रेम कमी होते असे लोकांना वाटते. पाटपाण्यावर जगणाऱ्या आमच्या भागात सगळे जाणतात की पाण्याची पाळी ठरलेली असली तरच शेजारी शेजाऱ्याशी बोलतो. रात्री दोन वाजता आपली पाळी संपल्यावर दारे मोडून पाणी पुढच्याच्या शेतात सोडणारा माणूस कोणतीही घोषणा देत नसतो. ज्याला पाणी मिळाले त्याला मात्र भाऊ म्हणजे काय ते कळलेले असते. प्रवरेच्याच काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचाही पाया भागधारकांच्या वहीत होता.

बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता हा शब्द आग्रहाने घातला. फाळणीच्या रक्ताचे डाग तेव्हा वाळलेही नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की बंधुतेवाचून स्वातंत्र्य आणि समता टिकणार नाहीत आणि जातींत विभागलेल्या समाजात ती अजून घडायची आहे. पुढे त्यांना बंधुतेपेक्षा बुद्धाचा 'मैत्री' हा शब्द अधिक योग्य वाटला. मैत्रीला रक्त लागत नाही, शत्रूही लागत नाही. आमच्या उर्दू पुस्तकांत त्याच जागी 'उखुव्वत' छापलेले असते. बंधुता, उखुव्वत, मैत्री, यांपैकी कोणताही शब्द घ्या. तो आयत्या नात्याचा नाही, रोजच्या मशागतीचा आहे.

म्हणून प्रतिज्ञा शिकवताना मुलांना एवढे तरी सांगावे, असे आम्हांला वाटते. बांधव हा शब्द आपण शत्रू दाखवून शिकवू नये, वाटा दाखवून शिकवावा. डब्यातला, बाकावरचा, नळावरचा, वर्गातल्या पहिल्या रांगेतला. त्यात बहिणीचा वाटा आहे की नाही ते मुलींना विचारावे. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांनी आमच्या मुलांना ईदखेरीज कधी बोलावले आणि आमच्यांनी त्यांना, हेही मोजावे. युद्ध पुन्हा येऊ नये, ही तर सर्वांचीच दुवा. आले तरी त्या दिवशी कोणाला पावती काढावी लागू नये, इतका हिशेब त्याआधी चुकता झालेला असावा.